कयाकचे वजन : पाण्यावर आणि पुळणीवर

अलिबाग, नागाव, काशीद, मुरूड, दिवेआगर या किनाऱ्यांवर कयाक नावाची अरुंद होडी, जी दोन्ही टोकांना पाते असलेल्या एकाच वल्ह्याने हाकली जाते, गेल्या काही वर्षांत जसजशी परिचयाची होत गेली, तसतसा तिच्या वजनाचा प्रश्नही वारंवार विचारला जाऊ लागला आहे. भाड्याच्या होडीत अर्धा तास बसून ज्यांचे समाधान होत नाही आणि स्वतःची होडी घेऊन थळहून खांदेरीकडे किंवा राजपुरीच्या खाडीत शिरावे असे ज्यांना वाटते, त्यांचा पहिला प्रश्न होडी किती किलोची हा असतो. साधारण सोळा-सतरा फूट लांबीची समुद्री कयाक साच्यात ओतलेल्या प्लास्टिकची असेल तर २५ ते ३० किलो भरते, फायबरग्लासची असेल तर २२ ते २५ आणि कार्बन किंवा केव्हलारच्या कापडाची असेल तर १७ ते २० किलो. या पाच-दहा किलोंच्या बचतीसाठी पुष्कळ मोठी रक्कम मोजावी लागते, आणि ती मोजणाऱ्याची समजूत बहुधा अशी असते की हलकी होडी म्हणजे वेगवान होडी. ही समजूत कितपत खरी, याचा सर्व बाजूंनी विचार करून पाहता माझे मत असे बनले आहे की पाण्यावर वजनाला जेवढे महत्त्व दिले जाते तेवढे त्याचे नाही, आणि किनाऱ्यावर त्याला जेवढे महत्त्व द्यायला हवे तेवढे फारसे कोणी देत नाही.

प्रथम पाण्यावरचा हिशेब पाहू. सत्तर किलोचा माणूस, दहा किलोचे सामान आणि सत्तावीस किलोची प्लास्टिकची होडी मिळून भार १०७ किलो होतो. होडी वीस किलोची घेतली तर तो शंभरावर येतो. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते हा आर्किमिडीजचा सिद्धांत आपण शाळेत शिकलेलो असतो. त्यावरून, पाच मीटर लांब आणि पंचावन्न सेंटिमीटर रुंद अशा निमुळत्या होडीचे पाण्याच्या पातळीवरील क्षेत्रफळ पावणेदोन ते दोन चौरस मीटरांच्या दरम्यान धरले, तर सात किलोंचा जादा भार तिला समुद्राच्या पाण्यात चार मिलिमीटरही खाली बसवीत नाही. दोन रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवली असता जेवढी जाडी होते, जवळपास तेवढीच ही वाढ. तेवढ्याने होडीचा भिजणारा पृष्ठभाग दीड-दोन टक्क्यांनी वाढतो. आणि सावकाश, निवांत वल्हवण्याच्या वेगाला पाण्याचा विरोध मुख्यत्वे या भिजलेल्या पृष्ठभागाच्या घर्षणातून येत असल्यामुळे तोही साधारण तेवढ्याच प्रमाणात वाढतो. वेगासाठी खर्ची पडणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून विरोध दोन टक्के वाढला तरी त्याच मेहनतीत वेग पाऊण टक्क्याहूनही कमीच घटतो. ताशी सहा किलोमीटर वेगाने दहा किलोमीटर जाणाऱ्याला शंभर मिनिटे लागतात. सात किलोंच्या जादा वजनाने त्यांत भर पडते ती अर्ध्या-पाऊण मिनिटाची. नाकासमोरून येणाऱ्या किंचित वाऱ्याने किंवा वल्हे पाण्यात वाकडे घालण्याच्या सवयीने यापेक्षा किती तरी अधिक वेळ वाया जातो, आणि त्याबद्दल कोणी विक्रेत्याकडे चौकशी करीत नाही.

हे केवळ कागदावरचे गणित नव्हे, याची साक्ष याच किनाऱ्याच्या इतिहासात मिळते. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने अठराव्या शतकात आंग्र्यांच्या आरमाराचे जे वर्णन करून ठेवले आहे, त्यात गलबतांविषयीचा तपशील मोठा बोधक आहे : सर्वांत मोठी गलबते क्वचितच सत्तर टनांहून मोठी असत, त्यांना चाळीस-पन्नास भक्कम वल्ही असत, आणि ती ताशी चार मैल, म्हणजे सुमारे साडेसहा किलोमीटर वेगाने वल्हवता येत. त्या काळचा टन हे प्रामुख्याने माल मावण्याचे माप असल्यामुळे फार काटेकोर तुलना करणे योग्य होणार नाही. तरी ढोबळ मानाने एकेका वल्ह्याच्या वाट्याला चौदाशे ते साडेसतराशे किलो येतात, आणि आजच्या कयाकवाल्याच्या वाट्याला शंभराच्या आसपास. भारात तेरा ते सोळा पटींचा फरक, आणि वेग मात्र जवळजवळ सारखाच! याचे कारण असे की होडी जितकी लांब, तितकी ती स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकून न पडता अधिक वेग घेऊ शकते, आणि आकार वाढत जातो तसतसा प्रत्येक किलोमागे भिजणारा पृष्ठभाग कमी कमी होत जातो. लांबी, तळाचा घाट आणि वल्हवणाऱ्यांचा एकमेळ या तीन गोष्टी नीट असल्या की वजन मागे पडते.

याचा अर्थ मराठी आरमाराने वजनाकडे दुर्लक्ष केले असा मात्र कोणी करू नये. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील आरमाराच्या प्रकरणाचा रोख असा आहे की तरांडी फार थोर नकोत आणि फार लहानही नकोत, ती मध्यम प्रतीची असावीत, आणि वाऱ्यावाचून जी कामास येत नाहीत अशी बांधण्याचे प्रयोजन नाही. या धोरणामागे केवढा अनुभव उभा होता हे १६७९ च्या खांदेरीच्या प्रसंगावरून ध्यानात येते. त्या वर्षी मायनाक भंडारी यांच्या देखरेखीखाली बेटाच्या तटबंदीचे काम सुरू झाले, तेव्हा ते बंद पाडण्यासाठी मुंबईकर इंग्रजांनी आपली जहाजे बेटाभोवती आणून उभी केली. पण थळच्या किनाऱ्यावरून रसद घेऊन निघणाऱ्या लहान होड्या वारा पडलेला असताना आणि उथळ पाण्यातून वल्ह्यांच्या बळावर निसटत राहिल्या, आणि शिडांवर अवलंबून असलेल्या बोजड जहाजांना त्यांना अडवणे साधले नाही. अखेर १६८० च्या आरंभी इंग्रजांनी माघार घेतली आणि खांदेरी मराठ्यांच्याच ताब्यात राहिली. येथे हलकेपणाचा जो उपयोग झाला तो वेगासाठी कमी आणि पाण्याच्या खोलीसाठी अधिक : ज्या होडीचा तळ थोडक्या पाण्यात बसतो तिला ओहोटीतही वाट सापडते. रायगडच्या खाड्यांत, विशेषतः धरमतरच्या आणि कुंडलिकेच्या गाळवट पाण्यात, ही गोष्ट आजही तितकीच खरी आहे. पण कयाकला मुळातच चार-पाच इंच पाणी पुरते, तेव्हा पाच किलो इकडे-तिकडे झाल्याने तिचे काही अडत नाही.

मग वजनाला पाण्यावर मुळीच अर्थ नाही काय? आहे, परंतु तो विशिष्ट प्रसंगी आहे. होडी थांबलेल्या स्थितीतून वेगात आणताना प्रत्येक किलो ओढून न्यावा लागतो. म्हणून जेथे सेकंदांच्या अंशावर निकाल लागतात अशा शर्यतीत वजनाला पराकाष्ठेचे महत्त्व येते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय संघटनांनी तेथे कायदाच करून टाकला आहे. एकट्याच्या शर्यती कयाकचे वजन १२ किलोंपेक्षा कमी असू नये, दोघांच्या कयाकचे १८ पेक्षा आणि चौघांच्या कयाकचे ३० पेक्षा कमी असू नये, असा दंडक आहे; आणि पाठमोरे बसून दोन वल्ह्यांनी हाकायच्या एकेरी नौकेला १४ किलोंची मर्यादा आहे. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्याचे दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारात उतरले आणि तेरावे आले, तो हाच प्रकार. विहिरी कोरड्या पडणाऱ्या मुलखातून आलेल्या या जवानाने सैन्यात भरती झाल्यावर वल्हे हाती धरले, आणि जगातल्या उत्तमोत्तम नाविकांच्या रांगेत तो जाऊन बसला. नौकांच्या वजनाची किमान मर्यादा सर्वांना एकच असल्यामुळे तेथे कस लागला तो फुप्फुसांचा, पाठीचा आणि तंत्राचा. किमान मर्यादेहून हलक्या भरलेल्या नौकेला शर्यतीपूर्वी जादा वजन लावावे लागते, ही गोष्ट हलकेपणासाठी पैसे ओतू पाहणाऱ्या हौशी माणसाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

वाऱ्याचा विचार केला म्हणजे तर पारडे उलटेच झुकते. रायगडच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई वारा येतो, तो मंद असतो; दुपार होऊ लागली की समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि तिसऱ्या प्रहरी चांगलाच भरात येतो. अशा वेळी हलकी आणि रिकामी कयाक पाण्यावर उंच तरंगते, तिचा कडेचा भाग वाऱ्याला शिडासारखा सापडतो, आणि ती बाजूला रेटली जाते किंवा तोंड फिरवू लागते. नवशिक्याची सारी शक्ती मग पुढे जाण्याऐवजी दिशा राखण्यातच खर्च होते. आपल्या जुन्या तांडेलांनी रिकाम्या गलबताच्या पोटात नीरम म्हणून धोंडे भरण्याची जी तजवीज ठेवली होती तिचे मर्म हेच. कयाकमध्येही पाण्याच्या पिशव्या किंवा शिधा तळाशी, मध्यभागी नीट बांधून ठेवला तर होडी स्थिरावते आणि लाटेवर तिचे हेलकावे कमी होतात. म्हणजे ज्या माणसाने हजारो रुपये खर्चून पाच किलो कमी केले, त्यालाच दुपारच्या वाऱ्यात पाच लिटर पाणी जादा भरून घ्यावे लागते. लांबच्या प्रवासात तर होडीच्या वजनातील फरक सामानात बुडूनच जातो. मुंबईच्या कौस्तुभ खाडे यांनी २०१५-१६ च्या मोसमात गुजरातच्या किनाऱ्यापासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे तीन हजार किलोमीटरांचा पल्ला कयाकने गाठला, आणि त्यांच्या सहचारिणी शांजली शाही यांनी तोच प्रवास जमिनीवरून सायकलने केला. रायगडचा किनारा त्या वाटेवर ओघानेच आला. इतक्या दीर्घ प्रवासात दिवसाचे पिण्याचे पाणीच चार-पाच किलो भरते. त्यापुढे होडी दोन किलोंनी हलकी की जड हा प्रश्न दुय्यम, आणि सामान कोणी, कोठे, कसे वाहायचे हा प्रश्न मुख्य ठरतो.

वजनाबद्दल ज्यांना खरोखर आस्था आहे त्यांनी होडीकडून नजर काढून क्षणभर वल्ह्याकडे पाहावे, असे मी आग्रहाने सुचवीन. होडीचे वजन पाणी पेलते, वल्ह्याचे वजन खांदे पेलतात. सहलीच्या गतीने वल्हवणारा मनुष्य मिनिटाला साठ हात मारतो; तासाला छत्तीसशे, तीन तासांत दहा हजारांहून अधिक. अॅल्युमिनियमच्या दांड्याचे स्वस्त वल्हे सव्वा किलोच्या आसपास असते, चांगले कार्बनचे वल्हे त्याच्या जवळपास निम्मे. दर हाताला उचलले जाणारे ते पाचशे-सहाशे ग्रॅम दिवसअखेर मनगटाला आणि खांद्याच्या सांध्याला कसे जाणवतात हे ज्याने अनुभवले आहे, तो जड होडी आणि हलके वल्हे हीच जोडी पत्करील. येथे खर्च केलेला रुपया सार्थकी लागतो.

आता किनाऱ्याकडे वळू, कारण या प्रश्नाचा गाभा तेथेच आहे. आपल्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीतील अंतर चार मीटरांवर जाते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला पायी जाता येते, ते यामुळेच. पुळणीचा उतार शंभराला एक एवढा मंद असला तर हे चार मीटर आडवे पसरून चारशे मीटर होतात. आणि तेवढ्या ओल्या वाळूवरून होडी वाहून नेणे हे, वल्हवण्याची सवय असलेल्या माणसालाही, दिवसातले सर्वांत कष्टाचे काम होऊन बसते. त्यातही एक विलक्षण अडचण आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अदमासे वेळ निघते, हा हिशेब कोळीवाड्यातील पोरासोरांनाही ठाऊक असतो. त्याप्रमाणे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास भरती अकरा-बाराच्या दरम्यान येते, म्हणजे पहाटे सहाच्या आसपास नेमकी खोल ओहोटी असते. वारा पडलेला, पाणी निवळ, वल्हवायला सर्वोत्तम असा तो प्रातःकाळ, आणि समुद्र मात्र लांब पळालेला! याउलट अष्टमीच्या सुमारास सकाळी सहाला भरती असते आणि भांगाचे दिवस असल्यामुळे ओहोटीलाही पाणी फार दूर जात नाही. ज्याची होडी जड आहे त्याने आपले बेत दिनदर्शिकेतील रविवारापेक्षा तिथीवर आखावेत. आणि अष्टमी साधणार नसेल तर भरती निम्मी झाली असता निघून ओहोटी निम्मी झाली असता परतावे, म्हणजे दोन्ही वेळची वाहतूक आटोक्यात राहते.

ही वाहतूक एकट्याने करायची की दोघांनी, यावर सारे अवलंबून आहे. दोघे असले, पुढच्या आणि मागच्या टोकाच्या मुठी एकेकाने धरल्या, की तीस किलोंची होडीसुद्धा पंधरा-पंधरा किलोंत वाटली जाते आणि मधे दोनदा हात बदलून पुळण ओलांडता येते. एकटा माणूस मात्र होडी प्रथम मांडीवर घेतो, मग बसायच्या खाचेची कड खांद्यावर चढवतो, आणि त्या क्षणी, कंबर पिळलेली असताना आणि पाय वाळूत रुतलेले असताना, सारा भार पाठीच्या खालच्या मणक्यांवर येतो. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने उचलण्याच्या कामासाठी जे सूत्र ठरवले आहे, त्यात सर्व परिस्थिती अनुकूल असताना २३ किलो ही मर्यादा धरलेली आहे. आणि सतरा फुटांची, वाऱ्यात हलणारी, ओली होडी उचलताना परिस्थिती अनुकूल असते असे कोणी म्हणणार नाही. प्लास्टिकची कयाक या रेषेच्या वर पडते आणि हलकी कयाक खाली, ही गोष्ट मला वेगाच्या साऱ्या हिशेबांपेक्षा अधिक मोलाची वाटते. मोटारीच्या टपावर होडी चढवताना तर हा प्रश्न अधिकच बिकट होतो. कित्येक जण पाण्याला भिऊन नव्हे, तर या उचलाउचलीला कंटाळून समुद्र सोडतात. साठी उलटलेल्या माणसाला, शरीराने लहानखुऱ्या स्त्रीला, पाठीच्या दुखण्यातून उठलेल्याला, कोणाची वाट न पाहता स्वतःची होडी स्वतः पाण्यात नेता यावी, हा हलक्या होडीचा सर्वांत मोठा लाभ आहे आणि त्यासाठी दिलेली किंमत मी अवाजवी मानीत नाही.

आपल्या पारंपरिक नौकांच्या बाबतीत हा प्रश्न असा उभा राहिलाच नाही, कारण त्या कधी एकट्याने उचलायच्या नव्हत्या. सागवानाची होडी मोसमभर पाण्यातच नांगरलेली राहत असे, लाकूड पाणी पीत असल्यामुळे ती दिवसेंदिवस जडही होत असे; आणि पावसाळ्यापूर्वी तिला वर घ्यायची वेळ आली की खाली लाकडी ओंडके घालून, दोराला पंचवीस-तीस हात लावून, आरोळ्या देत ती ओढली जात असे आणि झापांनी शाकारली जात असे. आजही राजपुरीहून जंजिऱ्याला जाणाऱ्या शिडाच्या होड्या पाहिल्या की ध्यानात येते, त्यांचे वजन हा खलाशांचा आणि गावाचा सामायिक व्यवहार आहे. कयाक ही मात्र एकट्याची होडी आहे. ओंडके आणि गावाचे हात तिच्या दिमतीस नाहीत. म्हणून तिच्या मालकाला किलोंचा हिशेब ठेवावा लागतो.

हलकेपणाची दुसरीही बाजू आहे आणि आपल्या किनाऱ्यावर ती उपेक्षणीय नाही. येथील खडपे काळ्या पाषाणाची, त्यांवर कालवांचे थर चिकटलेले; कोळणी कोयतीने ही कालवे फोडतात तेव्हा त्यांच्या शिंपल्यांच्या कडा कशा धारदार असतात ते दिसते. प्लास्टिकची कयाक या कडांवर घासली तर तिच्यावर चरे उमटतात, इतकेच. कार्बनच्या पातळ कवचाला एकाच आदळण्याने तडा जाऊ शकतो, आणि तिची डागडुजी करणारा कारागीर प्रत्येक बंदरात मिळत नाही. जिथे उतरायला खडपच आहे, किंवा होडी वाळूवरून फरफटत नेण्याचीच पाळी वारंवार येणार आहे, तिथे वीस किलोंची नाजूक होडी घेणे म्हणजे तिच्या जिवाला रोज घोर लावून घेणे होय. रुंद टायरांचा दुचाकी गाडा हा यावरचा मध्यम मार्ग. कोरड्या आणि ओल्या वाळूवर तो उत्तम चालतो. रेवस-धरमतरच्या बाजूच्या चिखलात मात्र त्याची चाके रुततात आणि शेवटी होडी खांद्यावरच घ्यावी लागते.

संकटकाळाविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. उलटलेल्या कयाकच्या बैठकीत पाणी शिरले की प्रत्येक लिटरामागे एक किलोहून किंचित अधिक भार वाढतो. आतील पडदे फुटलेले असतील किंवा नसतीलच, तर हां हां म्हणता शंभर-दीडशे किलो पाणी होडीत साठते. त्यापुढे मूळच्या पाच-सात किलोंचा फरक किरकोळ आहे. म्हणून पडदे आणि झाकणे पाणबंद आहेत की नाहीत याची रुजुवात घेणे हे वजन विचारण्याच्या कितीतरी आधी व्हायला हवे. सोबत्याची पालथी होडी नाळेकडून उचलून रिती करताना हलकी होडी सोयीची पडते, हे खरे; परंतु ते कौशल्य सरावाने येते, आणि तो सराव जड होडीनेही करता येतो.

एवढा सारा मजकूर लक्षात घेता, रायगडच्या किनाऱ्यावर कयाक घेऊ पाहणाऱ्याला माझा सल्ला असा आहे. नेहमी दोघांनी जाणार असाल आणि खडपाच्या जागी उतरणार असाल, तर निःशंकपणे प्लास्टिकची होडी घ्या, आणि वाचलेले पैसे चांगले वल्हे व तरंगजाकीट यांवर खर्च करा. एकट्याने जाणार असाल, तर तेवीस किलोंच्या वर जाऊ नका, मग त्यासाठी लांबी फूट-दोन फूट कमी करावी लागली तरी चालेल. आणि पैसे मोजण्यापूर्वी ती होडी दुकानातील गुळगुळीत फरशीवर नव्हे, तर ओहोटीच्या वेळी पुळणीवर, कोणाची मदत न घेता उचलून शंभर पावले चालून पाहा.